उशीखालची भाकरी

प्रश्न : आदरणीय बाई, सलाम. मी भांडुपला राहते. वय २७, एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. आमचं घर माळकरी, आजोबा आषाढीला पायी जायचे. चार वर्षांपूर्वी कॉलेजच्या मैत्रिणीबरोबर पहिल्यांदा चर्चमध्ये उपासनेला गेले, मग आपली आपणच जात राहिले, शास्त्र वाचत राहिले, आणि गेल्या वर्षी ईस्टरला बाप्तिस्मा घेतला. कोणी जबरदस्ती केली नाही, कोणी काही दिलं नाही. हे लिहावं लागतं, कारण सगळे आधी तेच विचारतात.

घरी आई बोलते, जेवायला वाढते, पण गणपतीच्या आधी म्हणाली, "तू आता आमची कुठे राहिलीस?" बाबा काहीच बोलत नाहीत, ते जास्त लागतं. आणि मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, सगळी तीन-तीन पिढ्यांची घरं, बहुतेक नगरकडची. कोण कोणाची नात, कोणाच्या आजोबांनी कुठल्या गावात शाळा चालवली, सगळं एकमेकांना पाठ. मला विचारतात, "तुम्ही कोणाकडच्या?" मी काय सांगू? एका काकूंनी तर आवाज खाली आणून विचारलं, "आधीचे तुम्ही कोण?" प्रीतिभोजनाच्या दिवशी मी ओढणी बांधून वाढायला उठले, तर बायका म्हणाल्या, "तुम्ही बसा हो, तुम्ही पाहुण्या." प्रेमानंच म्हणाल्या. पण चार वर्षं झाली, बाई. कोणी सुचवतं, नाव बदल, रूथ नाहीतर मेरी कर, म्हणजे सोपं जाईल. रात्री वाटतं, इकडची सुटले आणि तिकडची झालेच नाही. मी नक्की कोणाची?

उत्तर : तुला 'तू' म्हणते, नातीच्या वयाची आहेस. तुझं पत्र तीनदा वाचलं. शेवटचा प्रश्न मलाही तीनदा पडला आहे : चौथ्या वर्षी, एकविसाव्या वर्षी आणि एकोणचाळिसाव्या वर्षी. म्हणून पुस्तकातलं आधी न सांगता घरातलं सांगते.

मी आई-बाबांच्या पोटची नाही. १९५४ साली त्यांनी मला नगर जिल्ह्यातल्या एका अनाथाश्रमातून भायखळ्याच्या चाळीत आणलं. बाबा गिरगावातल्या एका छापखान्यात जुळारी होते. हा शब्द आता कोणी वापरत नाही. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळ जुळवायची, तीही उलटी, की छापल्यावर सुलटी दिसावी. आई घरीच शिवणकाम करायची. दहा बाय बाराची खोली, बाहेर सामायिक गॅलरी, टोकाला नळ.

पहिले काही दिवस मी फार शहाण्यासारखी वागले म्हणे. काही मागितलं नाही, रडले नाही, वाढलं तेवढं खाल्लं, ताट स्वतः विसळून पालथं घातलं. शेजारणी म्हणायच्या, काय गुणाची पोर आहे. आईला मात्र त्या गुणांचीच काळजी वाटत होती. पंधरा-वीस दिवसांनी माझ्या उशीला मुंग्या लागल्या. आईनं अभ्रा उलटा करून झटकला, तर त्यातून भाकरीचे तुकडे पडले. वाळून कडक झालेले, एकदोन बुरसलेले. मी रोज जेवताना चतकोर लपवत होते. उद्या मिळेल, न मिळेल. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले, मार बसणार म्हणून. ते मला आजही दिसतं : आईच्या ओंजळीत ते तुकडे, आणि ती वाकून हलकेच फुंकर मारून त्यावरच्या मुंग्या उडवते आहे. ती एक अक्षर बोलली नाही. दुपारी खालच्या वाण्याकडून बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा आणला, घासला, गॅलरीत उन्हात वाळवला, आणि फडताळाच्या सगळ्यांत खालच्या खणात ठेवला, माझा हात पोचेल असा. म्हणाली, "हा तुझा. यात रोज भाकरी असेल. कधीही उघडायचा, विचारायचं नाही."

मी दिवसातून दहादा तो डबा उघडायची. खायची नाही, फक्त आहे ना ते बघायची. आई सांगायची, नाताळच्या सुमारास कधीतरी माझं बघणं थांबलं. उशीखाली नंतर काही सापडलं नाही.

'विश्वासाच्या द्वारे' हे शब्द शब्बाथशाळेत मी पाठ केले ते पुढे. बायबलमधलं गलतीकरांस पत्र, तिसरा अध्याय, सव्विसावी ओवी : तुम्ही सर्व जण ख्रिस्त येशूवरील विश्वासाच्या द्वारे देवाचे पुत्र आहात. पण त्यांचा अर्थ मला त्या डब्यानं कळला. भाकरी आईनं भाजली, डबा आईनं भरला, मला घरात आणायचं तिनं आणि बाबांनी ठरवलं, मी तिला पाहिलंही नव्हतं तेव्हा. माझ्याकडून झालं ते एवढंच, की तिच्या शब्दावर विसंबून मी उशीखाली लपवणं सोडलं. तुझा विश्वास पुरेसा आहे की नाही, पक्का आहे की कच्चा, हे मोजत बसू नकोस. मीही पुष्कळ दिवस झाकण उघडून बघतच होते. त्या दिवसांतही मी त्याच घरात झोपत होते आणि डबा भरलेलाच होता.

आणखी एक सांगायचं राहिलं. मी बाबांना 'बाबा' म्हणत नव्हते. चाळीतली मुलं त्यांना काका म्हणत, मीही काकाच म्हणायची. एका पावसाळ्यात संध्याकाळी दिवे गेले. मी जिन्यात होते, तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये, आणि काळोखात माझा पाय घसरला. तेव्हा तोंडातून जी हाक निघाली ती 'बाबा' अशी निघाली. ठरवून नाही. ते कंदील न घेताच धावत आले, त्यांच्याच गुडघ्याला खरचटलं. रोमकरांस पत्रात (८:१५) ही पत्रं लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो, पुन्हा भीती धरावी असा दासपणाचा आत्मा तुम्हाला मिळालेला नाही. ज्याच्या योगे आपण अब्बा, बापा अशी हाक मारतो तो दत्तकपणाचा आत्मा मिळाला आहे. अब्बा हा येशूच्या घरच्या, अरामी बोलीतला शब्द. गेथशेमाने बागेत, मरणाच्या आदल्या रात्री, त्यानं हीच हाक मारली. तू रात्री झोपताना रडून जी प्रार्थना करतेस ना, तीच ती हाक आहे. परक्या माणसाला कोणी अशी हाक मारत नाही.

आता 'दत्तकपण' या शब्दाबद्दल, कारण मराठी माणसाला तो कमीपणाचा वाटतो. दत्तक म्हणजे खरा नव्हे, असं आपण सहज बोलून जातो. पौलाच्या काळी रोमी कायद्यात उलट होतं. दत्तक घेतलेला मुलगा जुन्या घरच्या सत्तेतून पूर्ण बाहेर पडे आणि नव्या बापाचं नाव आणि वारसा दोन्ही त्याला मिळे. येशूच्या जन्माच्या वेळी ज्यानं नावनिशी लिहिण्याचा हुकूम काढला तो रोमी सम्राट औगुस्त कैसर स्वतः दत्तक होता. ज्युलियस सीझरनं त्याला मृत्युपत्रानं मुलगा केलं होतं. आणि इतकं लांब तरी कशाला जायचं? मालेगावजवळच्या कवळाण्याचा गोपाळ नावाचा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ मध्ये बडोद्याला दत्तक गेला आणि सयाजीराव महाराज झाला. कोल्हापूरचे शाहू महाराज १८८४ मध्ये दत्तक आले. त्यांना कोणी अर्धे महाराज म्हटलं का? उलट, झाशीचा दत्तक डलहौसीनं नामंजूर केला त्याचा राग आपल्याला अजून येतो. मनातून आपल्याला ठाऊक आहे, की दत्तक झालेलं मूल पूर्ण त्या घरचं असतं आणि त्याला नाकारणं हा अन्याय असतो.

तू म्हणशील, म्हणजे बाईंना दत्तक घेतलं होतं. नव्हतं घेतलं, कारण घेता येत नव्हतं. १९५६ चा दत्तकाचा कायदा हिंदूंसाठी, आणि त्यातच बौद्ध, जैन, शीख यांच्यासाठी. ख्रिस्ती जोडप्याला १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली फक्त पालकत्व मिळे. मूल सज्ञान झालं की कागद संपला. वारसा नाही, कायद्यानं नातंही नाही. बाल न्याय कायदा २००० मध्ये आला, २००६ मध्ये त्यात दुरुस्ती झाली, आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की त्या कायद्याखाली कुठल्याही धर्माच्या माणसाला मूल दत्तक घेता येतं. माझ्या वेळी यातलं काही नव्हतं. कोर्टानं पालक नेमलेल्या मुलांची सज्ञानता तेव्हा एकविसाव्या वर्षी धरत. १९७१ मध्ये मी एकवीस वर्षांची झाले. त्या दिवशी कामावरून आल्यावर बाबांनी ट्रंकेतून कोर्टाच्या हुकमाची नक्कल काढली, माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "हा आज संपला. आपलं काही संपलेलं नाही." पुढच्याच आठवड्यात ते मृत्युपत्र करायला वकिलाकडे गेले. वकिलानं टाइप करून आणलं त्यात लिहिलं होतं, 'माझी पाल्य'. बाबांनी ते परत दिलं. जन्मभर अक्षरं जुळवलेला माणूस, चुकीचा खिळा त्याच्या नजरेतून सुटत नसे. 'माझी मुलगी' असं लिहून पुन्हा टाइप करून आणेपर्यंत त्यांनी सही केली नाही.

त्या दोन शब्दांचा उपयोग मला १९८९ मध्ये झाला. बाबा आधीच गेले होते, त्या वर्षी आई गेली, आणि तेराव्या दिवसाच्या आत घरमालकाचा माणूस खोलीच्या दारात उभा राहिला. "तुम्ही मयतांच्या नक्की कोण?" मी मृत्युपत्र दाखवलं, रेशनकार्ड दाखवलं. कार्डावर बाबांनी फार पूर्वी माझ्या नावापुढे नातं 'मुलगी' असंच लिहून घेतलं होतं. चाळीतली चार माणसं माझ्या बाजूनं उभी राहिली आणि ते प्रकरण मिटलं. पण तुला सांगते, त्या माणसाला मी उत्तर देत होते तेव्हा माझा आवाज कापत नव्हता, आणि तो कागदामुळे स्थिर नव्हता. मला ठाऊक होतं मी कोणाची आहे.

आपल्याकडे, मंडळीतल्या आपल्या सगळ्यांकडे, असाच कागद आहे. इफिसकरांस पत्रात (१:१४) पवित्र आत्म्याला वतनाचा 'विसार' म्हटलं आहे. मुंबईत खोली घेताना विसार देतात तोच शब्द. पुढचं सगळं येणार आहे याची आगाऊ खूण. आणि त्याच पत्रात दुसऱ्या अध्यायात म्हटलंय, तुम्ही आता परके आणि उपरे नाही, देवाच्या घरचे आहात. घरचे. म्हणजे प्रीतिभोजनाच्या दिवशी उठून वाढणारे.

आता तुझ्या मंडळीबद्दल, आणि इथं मी थोडी कडक बोलणार आहे. "आधीचे तुम्ही कोण?" हा प्रश्न विचारणाऱ्या काकू चुकल्या. साधी चौकशी म्हणून सोडून देण्यासारखं ते नाही. आवाज खाली आणून विचारावा लागतो त्या प्रश्नातच जात आहे, आणि आपल्या मंडळ्यांतून ती अजून गेली नाही, विशेषतः सोयरीक जुळवताना. अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांच्या पंगतीला जेवत होता. यरुशलेमेहून काही माणसं आली तेव्हा भीतीनं तो पंगतीतून उठला. पौलानं सगळ्यांसमोर तोंडावर त्याला दोष दिला. पेत्राला! हा प्रसंग गलतीकरांस पत्रात आहे, आणि यहूदी-हेल्लेणी (ग्रीक), दास-स्वतंत्र, पुरुष-स्त्री हा भेद नाही हे वाक्य त्याच पत्रात पुढच्याच अध्यायात आहे. ते पंगतीवरून झालेल्या भांडणानंतर लिहिलेलं आहे, हे आपण विसरतो. पुन्हा कोणी विचारलं तर शांतपणे सांग, "काकू, मी बाप्तिस्मा घेतलेली आहे, तुमच्यासारखीच." आणखी एक अक्षर जास्त सांगू नकोस.

जुन्या घराण्यांतल्या माझ्या बहिणींनो, हे तुम्हीही वाचत असाल. आपल्या प्रत्येकीच्या घरात कोणीतरी पहिला होता. कोणाचे पणजोबा, कोणाची विधवा आजी. त्यांना गावात पाणी भरू दिलं नाही, त्यांच्या आईनं दार लावून घेतलं, आणि मग कोणीतरी एका अनोळखी घरात त्यांना चटई टाकून दिली. ती चटई आता आपल्याकडे आहे. ती गुंडाळून माळ्यावर टाकू नका.

नावाचं मी एका वाक्यात सांगते : बदलू नकोस, तुला स्वतःला मनापासून वाटलं तर गोष्ट वेगळी. कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी इथं मुंबईतच बाप्तिस्मा घेतला, आणि ते नारायणच राहिले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाच वर्षांनी, १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या, त्या लक्ष्मीच राहिल्या. मधल्या काळात त्या दोघांच्या संसाराची जी ताटातूट झाली ती तुझ्या घरच्या दुःखाहून मोठी होती, आणि तीही सरली. टिळक म्हणत, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्यांचे अभंग आपण अजून टाळ-पेटीवर गातो. तुझे आजोबा पंढरीची वाट चालले. ज्या घरात देवासाठी पायी चालायची सवय होती त्या घरातून तू आलीस, हे लपवायचं कशाला?

घरी जा. गणपतीत तर नक्की जा. उकड काढायला आईच्या शेजारी बस, नारळ खवून दे. आरतीच्या वेळी मी स्वयंपाकघरात थांबेन, हे तिला आदल्या दिवशीच सांग, म्हणजे पाहुण्यांसमोर तिची मान खाली जाणार नाही. पूजेत भाग न घेणं हा तुझा विश्वास आहे, पण घराकडे पाठ फिरवणं त्या विश्वासात येत नाही. माझी आई आणि भाऊ कोण, असं विचारून देवाची इच्छा पाळणाऱ्यांना आपलं म्हणणारा येशू, वधस्तंभावर श्वास लागलेला असताना स्वतःच्या आईची सोय लावून गेला. प्रसादाबद्दल करिंथकरांस पहिल्या पत्राचे आठवा आणि दहावा हे अध्याय वाच आणि आचार्यांशी, म्हणजे मंडळीच्या पाळकांशी, बोल. ते इथं दोन ओळींत मावणारं नाही. आणि बाबांना आजोबांच्या वारीबद्दल विचार. गप्प बसलेल्या माणसाला आपल्या वडिलांबद्दल बोलायला आवडतं.

राहिलं प्रीतिभोजन. पुढच्या वेळी अकराला जाऊ नकोस, सकाळी सातला जा. रविवारी मेगाब्लॉक असतोच, तेव्हा त्या हिशेबानं पहिली गाडी धर. स्वतःची सुरी घेऊन जा आणि कांद्याच्या परातीपाशी बस. डोळ्यांत पाणी येईपर्यंत कांदा चिरणाऱ्या बाईला पाहुणी म्हणायची कोणाची हिंमत होत नाही.

प्रश्न : बाई, मी वांद्रे गावठाणातला, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचा मूळचा मराठी बोलणारा कॅथलिक, वय ५८. माझा, वडिलांचा, आजोबांचा बाप्तिस्मा एकाच चर्चमधला. नाताळ, ईस्टर, मोतमाउलीची जत्रा कधी चुकवली नाही. परवा मुलगा (२२) म्हणाला, "डॅडी, आपण हे मानतो, की आपण फक्त आहोत?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून मिस्साला, चर्चच्या उपासनेला, उभा राहतो तेव्हा तेच डोक्यात फिरतं.

उत्तर : भाऊ, मुलानं चांगलं विचारलं. राग धरू नका. तो निघून जायच्या आधी विचारतोय, हे भाग्य समजा.

तुमचा वारसा लहान नाही. वांद्र्याचं सेंट अँड्र्यू चर्च १५७५ मधलं. 'ईस्ट इंडियन' हे नाव तुमच्या समाजानं १८८७ मध्ये घेतलं, पण त्या नावाच्या कितीतरी आधीपासून तुमची माणसं मराठीतून 'आमच्या बापा' म्हणत आली. येशूनं सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यात आपण सगळे धाकट्याबद्दल बोलतो, जो वाटणी घेऊन गेला, उधळून बसला आणि परत आला. थोरला मात्र घरीच होता. शेतात राबत होता, एक आज्ञा मोडली नव्हती. आणि तरी बापाशी बोलताना तो गड्यासारखा हिशेब मांडतो : इतकी वर्षं चाकरी केली, मला करडू तरी दिलं का? बाप अंगणात येऊन त्याची विनवणी करतो आणि म्हणतो, बाळा, तू नेहमी माझ्याबरोबर आहेस, माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे. थोरला आत गेला की नाही, ते शुभवर्तमान लिहिणारा लूक लिहीत नाही.

वर भांडुपच्या मुलीला ज्या डब्याबद्दल लिहिलं, तो तुमच्यासाठी तुम्ही तीन महिन्यांचे असताना भरून ठेवला गेला. तुम्ही मागायच्या आधी. तो आपल्या घरात आहे हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही तो कधी उघडून खाल्लंत का, एवढंच मुलगा विचारतोय.

उत्तर शोधायला लांब जाऊ नका. ईस्टरच्या जागरणाच्या रात्री हातात पेटलेली मेणबत्ती घेऊन तुम्ही दरवर्षी उभे राहता. फादर एकेक करून विचारतात, देव जो पिता त्याच्यावर तुम्ही विश्वास ठेवता का? येशू ख्रिस्तावर? पवित्र आत्म्यावर? आणि आपण सगळ्यांबरोबर म्हणून टाकतो. या वर्षी मुलाला शेजारी उभा करा आणि ते प्रश्न त्याच्या तोंडचे समजून ऐका. ज्या प्रश्नाला मनापासून 'होय' येईल त्याला मोठ्यानं म्हणा. जिथं अडखळाल तिथं अडखळा, त्याच्यादेखत. घरी येताना त्याला सांगा कुठे अडखळलात. तुमच्याबद्दल जे त्याला इतकी वर्षं कळलं नाही ते त्या रात्री कळेल.

प्रश्न : मी ८१ वर्षांची आहे. घाटकोपरला चौथा मजला, लिफ्ट नाही. गुडघ्यांमुळे दोन वर्षं मंडळीत जाता आलं नाही, प्रभुभोजन, उपासनेतली ती भाकर आणि द्राक्षरस, घेता आलं नाही. वर्गणी मुलाच्या हातून पाठवते. मंडळीच्या यादीत माझं नाव अजून असेल का? मी अजून मंडळीची आहे का?

उत्तर : ताई, नाव कुठल्या यादीत आहे ते पाहण्याआधीच सांगते : आहात. गुडघे थकल्यानं कोणी घराबाहेर होत नाही. मंडळीनं दोन वर्षांत चार जिने चढू नयेत, ही चूक मंडळीची आहे, तुमची नाही, आणि हे मी तुमच्या आचार्यांशी स्पष्ट बोलले आहे. आजारी आणि घरीच असलेल्या सभासदांना प्रभुभोजन घरी नेऊन देण्याची रीत आपल्यात जुनी आहे. ती फक्त मागे पडली होती.

या महिन्याच्या तिसऱ्या रविवारी उपासनेनंतर आचार्य, मंडळीचे दोन वडील (ज्येष्ठ कारभारी) आणि मी असे चौघं येऊ. जिना हळूहळू चढू, माझेही गुडघे पंचाहत्तर वर्षांचे आहेत. तुम्ही दार उघडायलाही उठू नका, मुलाला घरी थांबायला सांगा. तुमच्या आवडीचं गीत आधी कळवा, म्हणजे पेटी नसली तरी चालीत म्हणता येईल. नंतरचा चहा मी करीन. साखरेचा आणि चहाचा डबा कुठे असतो, तेवढं बसल्या जागेवरून सांगा.